अडकलेल्या व्हीएमला एनएमआय द्यायचाय? आधी ही तयारी करून ठेवा

रात्री पावणेदोनला आमच्या डीबीएचा फोन. "अरे ती मोठी टेस्ट व्हीएम बघ ना जरा, पिंग नाही, एसएसएच नाही, कन्सोलवर लॉगिन दिसतंय पण एंटर मारला तर ढिम्म." होस्टवर, म्हणजे ही व्हीएम (व्हर्च्युअल मशीन) ज्या खऱ्या मशीनवर चालते तिथे, जाऊन बघितलं तर विर्श (व्हीएम सांभाळायची कमांड) लिस्ट म्हणतंय रनिंग, टॉपमध्ये थ्रेड उघडून बघितले तर चारपैकी एक व्हीसीपीयू, म्हणजे व्हीएमला दिलेला व्हर्च्युअल सीपीयू, १०० टक्क्यांवर आणि बाकीचे निवांत. म्हणजे गेस्टचं (व्हीएमच्या आतल्या सिस्टिमचं) कर्नल आतल्या आत घाण्याच्या बैलासारखं फिरत होतं. एनएमआय, म्हणजे सीपीयूला हातातलं काम सोडायला लावणारा, अडवता न येणारा इंटरप्ट, मला ऐकून माहीत होता, ऐटीत विर्श इंजेक्ट-एनएमआय मारला, म्हटलं आता पॅनिक होईल (कर्नल स्वतःहून कोसळेल), डम्प (मेमरीची नक्कल) पडेल, सकाळी चहा पीत बघू. कन्सोलवर दोन ओळी उमटल्या, एक 'एनएमआय रिसीव्ह्ड फॉर अननोन रीझन' आणि खाली 'डेझ्ड अँड कन्फ्यूज्ड, बट ट्राइंग टू कंटिन्यू'. म्हणजे कर्नल स्वतःच सांगतंय की चक्रावलोय, पण बघतो पुढे चालायला. आणि चालत राहिलं, तसंच अडकलेलं. शेवटी डिस्ट्रॉय (जबरदस्तीने बंद) मारून परत चालू केली आणि सकाळच्या कॉलवर 'रूट कॉज काय' विचारलं तेव्हा दाखवायला माझ्याकडे त्या दोन ओळी सोडून काही नव्हतं.

त्या रात्री कळलं ते एवढंच, की एनएमआय पाठवणं हा यातला सगळ्यात सोपा भाग, एक कमांड. पण तो आल्यावर काय करायचं हे गेस्टला आधी सांगून ठेवलेलं नसेल तर तो मिळून न मिळाल्यासारखा. म्हणून या गाइडमध्ये पाठवण्यापेक्षा तयारीवर जास्त लिहिलंय. मुख्यतः केव्हीएम-क्यूईएमयू (लिनक्सवर व्हीएम चालवणारी जोडी) होस्ट आणि एक्स८६ वरचा लिनक्स गेस्ट धरलाय, विंडोज आणि बाकी हायपरव्हायजर (व्हीएम चालवणारी सॉफ्टवेअर) शेवटी थोडक्यात. कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत आहेत, टर्मिनलवर अर्थात रोमनमध्येच टाइप करायच्या, डॅश-अंडरस्कोर-टिंब जिथे दिसतंय तिथेच.

एनएमआयच का

साधा इंटरप्ट सीपीयू कधी घेतो, तर त्याच्या फ्लॅग्जमधला आयएफ बिट चालू असेल तेव्हा. तो बंद केला की दाराला आतून कडी. टायमर, कीबोर्ड, नेटवर्क कार्ड, सगळे बाहेर ताटकळत. कर्नल हे सतत करत असतं, स्पिनलॉक (मिळेपर्यंत जागच्या जागी फिरत वाट बघायचं कुलूप) घेताना वगैरे, पण अगदी क्षणभरासाठी. बग असा असतो की कडी लावून आत गेलेला कोड बाहेर येतच नाही. मग बरेच जण विर्श सेंड-की ने ऑल्ट-सिसआरक्यू-सी (कर्नलला मुद्दाम पाडणारं बटणांचं कॉम्बिनेशन) पाठवायची युक्ती सांगतात, ती चांगली आहे, पण ती कीबोर्डच्या इंटरप्टवर चालते, आणि कीबोर्डचा इंटरप्ट ज्या सीपीयूकडे जातो तोच कडी लावून बसला असेल तर तुमचा सिसआरक्यूही बाहेरच उभा.

एनएमआय म्हणजे नॉन-मास्केबल इंटरप्ट, व्हेक्टर नंबर २. तो आयएफ बघतच नाही, थेट आत शिरतो. फिजिकल सर्व्हरवर यासाठी पुढच्या पॅनेलवर एक बारीक भोक असतं, पेपरक्लिप घालून दाबायचं बटण. व्हीएमला कसलं पॅनेल नि कसलं बटण, त्यामुळे ते काम हायपरव्हायजरने करायचं.

आत काय चालतं, थोडं तरी माहीत असू द्या

घाई असेल त्यांनी हा भाग सोडून पुढे जा, पण एनएमआय मारला आणि काहीच झालं नाही की परत इथेच यायला लागतं, मला तरी लागलं.

पहिली गोष्ट, होस्टचा एनएमआय आणि गेस्टचा एनएमआय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गेस्ट चालू असताना खऱ्या हार्डवेअरचा एनएमआय आला, म्हणजे होस्टवर परफ (प्रोफाइलिंगचं टूल) चालू आहे किंवा होस्टचा वॉचडॉग (अडकलं की ओरडणारा पहारेकरी) वाजला, तर इंटेलवर व्हीएम-एक्झिट होतो, म्हणजे ताबा गेस्टकडून होस्टकडे येतो, केव्हीएम तो होस्टच्या हँडलरकडे देतं आणि गेस्टला पत्ताही लागत नाही. व्हीएमसीएस या इंटेलच्या व्हीएम-नियंत्रणाच्या रचनेत यासाठी 'एनएमआय एक्झिटिंग' नावाचा कंट्रोल आहे. गेस्टला जो मिळतो तो केव्हीएमने मुद्दाम टोचलेला असतो, पुढच्या व्हीएम-एंट्रीच्या वेळी (ताबा परत गेस्टकडे जाताना).

हे 'पुढच्या व्हीएम-एंट्रीच्या वेळी' नीट लक्षात ठेवा. व्हीसीपीयू म्हणजे होस्टवरचा एक थ्रेड, तो थ्रेडच चालत नसेल तर एंट्री नाही आणि एंट्री नाही तर एनएमआय नाही. नॉन-मास्केबल असला तरी होस्टच्या शेड्युलरपुढे त्याचं काही चालत नाही.

दुसरी गोष्ट, एनएमआयलाही एक कडी असतेच, फक्त ती वेगळी. एक एनएमआय हाताळणं चालू असेपर्यंत सीपीयू दुसरा घेत नाही, हँडलर संपून आयरेट ही इंटरप्टमधून परतायची इन्स्ट्रक्शन चालली की मगच दार उघडतं. मधल्या काळात आलेला एक तेवढा लक्षात ठेवला जातो, त्याच्यावरचे गेले वाऱ्यावर. केव्हीएम हेच नियम पाळतं, एक चालू आणि एक रांगेत, त्यामुळे चिडून कमांड दहा वेळा मारली म्हणून दहा एनएमआय पोचत नाहीत. (आणि यात एक खोच आहे, हँडलर चालू असताना मध्येच पेज फॉल्ट किंवा ब्रेकपॉइंट आला तर त्याच्या आयरेटनेच कडी उघडते, हँडलर अर्धवट असतानाच. लिनक्सने यासाठी एनएमआयच्या स्टॅकवर फ्रेमच्या कॉप्या ठेवून बरीच कसरत केलेली आहे, एन्ट्रीच्या असेंब्ली फाइलमधल्या त्या भागावरच्या कॉमेंट्स कोडपेक्षा लांब आहेत, सवडीने वाचा.)

आता प्रश्न असा की गेस्टचा आयरेट झाला हे हायपरव्हायजरला कळणार कसं. इंटेलकडे 'व्हर्च्युअल एनएमआय' ही सोय आहे, हार्डवेअरच त्याचा हिशोब ठेवतं, आणि दुसरा एनएमआय रांगेत असेल तर 'एनएमआय विंडो' उघडल्याबरोबर एक्झिट देतं. एएमडीवर ही सोय बरीच वर्षं नव्हती, केव्हीएमला आयरेट इंटरसेप्ट करायला लागायचा, पण तो इंटरसेप्ट आयरेट चालण्याच्या आधी होतो, म्हणून मग ट्रॅप फ्लॅग लावून एक पाऊल सिंगल-स्टेप करायचं आणि आता झाला म्हणायचं. जुगाडच, पण चालायचा. झेन ४ पासून एएमडीमध्येही व्हीएनएमआय (व्हर्च्युअल एनएमआय) आला आणि लिनक्स ६.४ पासून केव्हीएम तो वापरतं. एसईव्ही-ईएस (एएमडीची गेस्टची मेमरी आणि रजिस्टर एन्क्रिप्ट करायची सोय) गेस्टमध्ये तर होस्टला गेस्टचे रजिस्टरच दिसत नाहीत, सिंगल-स्टेपचा प्रश्नच नाही, तिथे गेस्टच हायपरव्हायजरला स्वतःहून सांगतो की एनएमआय आटोपला.

स्वतः छोटा व्हीएमएम (हायपरव्हायजर) लिहिणारे कोणी वाचत असतील तर त्यांच्यासाठी एवढंच, केव्हीएम_एनएमआय हा आयऑक्टल व्हीसीपीयूवर मारायचा, आणि मायग्रेशन किंवा स्नॅपशॉट करताना व्हीसीपीयू इव्हेंट्समधले एनएमआयचे इंजेक्टेड, पेंडिंग आणि मास्क्ड हे तिन्ही सेव्ह-रिस्टोर करायला विसरू नका. मास्क्ड विसरलात तर पलीकडे उतरल्यावर हँडलरच्या पोटात दुसरा हँडलर शिरू शकतो.

गेस्टची तयारी

तहान लागल्यावर विहीर खणायची नसेल तर हे व्हीएम धडधाकट असताना करायचं. दोन कामं आहेत, एक केडम्प आणि दुसरं एक सिसकंट्रोल (कर्नल चालू असताना बदलता येणारं सेटिंग).

केडम्प म्हणजे मेमरीचा एक तुकडा बाजूला काढून तिथे दुसरं छोटं कर्नल तयार ठेवायचं, मुख्य कर्नल पडलं की ते उठतं आणि मेलेल्याची मेमरी डिस्कवर लिहून काढतं. कर्नल कमांडलाइनला क्रॅशकर्नल=२५६एम असं द्या, सुरुवातीला एवढं पुरतं, खूप मोठी रॅम किंवा खूप डिव्हाइस असतील तर वाढवा. रेडहॅट घराण्यात ग्रबी ने ते आर्ग्युमेंट घालायचं आणि केडम्प सर्व्हिस एनेबल करायची, उबुंटूवर लिनक्स-क्रॅशडम्प पॅकेज टाकलं की बहुतेक तेच करून देतं. रीबूट कंपल्सरी आहे, कारण मेमरी बूटच्या वेळीच राखून ठेवली जाते. मग स्लॅश सिस स्लॅश कर्नल स्लॅश केएक्सेक_क्रॅश_लोडेड ही फाइल कॅट करा. १ आला पाहिजे. ० आला तर पुढचं सगळं फुकट, सर्व्हिस एनेबल्ड दिसतेय म्हणून खूश होऊ नका, मी झालो होतो.

दुसरं काम ते माझ्याकडून राहिलेलं. क्यूईएमयू जो एनएमआय पाठवतं त्याच्याबरोबर कारण काहीच येत नाही. लिनक्स एनएमआय आला की आधी आपल्या नोंदलेल्या हँडलरांना विचारतं, 'तुझा का?', परफ म्हणतो माझा नाही, वॉचडॉग म्हणतो माझा नाही, मग पोर्ट ६१ वाचून बघतं की मेमरीची किंवा आयओची चूक आहे का, तिथेही काही नाही, मग तो 'अननोन' ठरतो. आणि अननोनबद्दल कर्नलचं डीफॉल्ट धोरण म्हणजे दोन ओळी छापा आणि कामाला लागा. ते बदलायला स्लॅश ईटीसी मधल्या सिसकंट्रोल डॉट डी मध्ये एक फाइल करून ही ओळ टाका:

कर्नल.अननोन_एनएमआय_पॅनिक = १

मग सिसकंट्रोल डॅश डॅश सिस्टिम. एवढंच. कर्नल.पॅनिक_ऑन_अनरिकव्हर्ड_एनएमआय = १ नेही अननोनवर पॅनिक होतं, दोन्ही ठेवले तरी बिघडत नाही. याच्या जोडीला पॅनिक_ऑन_आयओ_एनएमआय नावाचं एक आहे, ते आयओ-चेकच्या एनएमआयसाठी, आपल्या कामाचं नाही, नावाला फसू नका.

इथे एक इशारा. गेस्टला व्हीपीएमयू (सीपीयूच्या परफॉर्मन्स काउंटरची व्हर्च्युअल आवृत्ती) दिलेलं असेल आणि त्यात कोणी परफ जोरात चालवत असेल तर परफचे इंटरप्टही एनएमआय म्हणूनच येतात, आणि काउंटर एकापाठोपाठ ओव्हरफ्लो झाले की कधीतरी एखादा बिनवारशी एनएमआय उरतो. कर्नल असे उरलेले गिळून टाकायचा प्रयत्न करतं, पण सगळे ओळखता येतातच असं नाही. एरवी तो 'डेझ्ड अँड कन्फ्यूज्ड' छापून सुटला असता, आता तुमच्या सेटिंगमुळे सरळ पॅनिक. म्हणून ज्या व्हीएमवर डेव्हलपर दिवसभर प्रोफाइलिंग करतात तिथे हे सेटिंग त्यांना सांगून लावा, न सांगता लावलंत तर शिव्या खाल.

रंगीत तालीम

हा भाग लोक हमखास गाळतात आणि माझ्या मते हाच सगळ्यात महत्त्वाचा, कारण केडम्प म्हणजे नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं. डिस्कचा ड्रायव्हर छोट्या इनिट-रॅमएफएसमध्ये (बूटच्या वेळची तात्पुरती फाइलसिस्टिम) नसतो, व्हार-क्रॅशमध्ये (डम्प पडतो ती डिरेक्टरी) जागा नसते, राखलेली मेमरी कमी पडून दुसरं कर्नलच मरतं. हे सगळं रात्री पावणेदोनला कळण्यापेक्षा मंगळवारी दुपारी अकराला कळलेलं बरं, सॉरी, सकाळी अकराला.

आधी सोपी चाचणी, व्हीएम ठीक चालू असताना होस्टवरून:

विर्श इंजेक्ट-एनएमआय गेस्टचं-नाव

कन्सोल दुसऱ्या खिडकीत उघडा ठेवा, विर्श कन्सोलने. 'कर्नल पॅनिक, नॉट सिंकिंग, एनएमआय: नॉट कंटिन्यूइंग' असं दिसलं पाहिजे, लगेच दुसऱ्या कर्नलचे बूट मेसेज, मग डम्प लिहितानाची टक्केवारी, मग रीबूट. उठल्यावर व्हार-क्रॅशमध्ये तारीख-वेळेच्या नावाची डिरेक्टरी आणि आत व्हीएमकोअर. फाइलचा साइज शून्य नाही ना तेही बघा.

मग खरी चाचणी, सीपीयू खरोखर अडकवून. कर्नलमध्ये एलकेडीटीएम नावाचं मॉड्यूल असतं, मुद्दाम कर्नल पाडण्यासाठीच बनवलेलं, तुमच्या डिस्ट्रोने दिलं असेल तर मॉडप्रोब करा आणि डीबगएफएसमधल्या (कर्नलच्या डीबग फाइलसिस्टिममधल्या) प्रोव्होक-क्रॅश डिरेक्टरीतल्या डायरेक्ट या फाइलमध्ये कॅपिटलमध्ये हार्डलॉकअप हा शब्द एको करा. तो इंटरप्ट बंद करतो आणि अनंत लूपमध्ये बसतो, अगदी आपल्याला हवा तसा नाठाळ. दिलं नसेल तर दहा ओळींचं स्वतःचं मॉड्यूल लिहा, लोकल_आयआरक्यू_डिसेबल आणि खाली कधीच न संपणारा लूप, बास. टास्कसेट लावून कुठला सीपीयू अडकवायचा ते ठरवा, एकदा ० अडकवून बघा, एकदा २. दोन्ही वेळा एनएमआयने डम्प पडला पाहिजे.

'० आणि २ दोन्ही' का म्हणतोय? क्यूईएमयू तसा सगळ्या व्हीसीपीयूंना एनएमआय पाठवतं, पण तो लोकल एपिकच्या (प्रत्येक सीपीयूच्या स्वतःच्या इंटरप्ट कंट्रोलरच्या) लिंट१ या पायातून जातो, आणि लिनक्स बूट होताना लिंट१ फक्त बूट सीपीयूवर, म्हणजे ० वर उघडा ठेवतं, बाकीच्यांवर मास्क करून टाकतं. म्हणजे प्रत्यक्षात घेतो फक्त सीपीयू ०. हे मला कळलं तेव्हा वाटलं होतं की मग सीपीयू २ अडकला तर काय उपयोग, पण उपयोग आहे, कारण सीपीयू ० पॅनिक झाला की केडम्पच्या वाटेवर तो स्वतःच बाकीच्या सगळ्या सीपीयूंना एनएमआय मारून थांबवतो आणि त्यांचे रजिस्टर जपून ठेवतो. अडकलेल्या सीपीयू २ चा बॅकट्रेस त्यामुळे डम्पमध्ये मिळतो. तरीही सगळ्यांवर लिंट१ उघडा हवा असेल तर कर्नल कमांडलाइनला एपिक_एक्स्टएनएमआय=ऑल द्या. डीफॉल्ट बीएसपी, म्हणजे फक्त बूट सीपीयू, असतं. आणि नन, म्हणजे कोणावरच नाही, असंही देता येतं, कोणीतरी कधीतरी 'त्या विचित्र मेसेजवर उपाय' म्हणून नन टाकून गेलेलं असतं, तेव्हा प्रॉक सीएमडीलाइन एकदा नजरेखालून घाला.

प्रसंग आला की क्रम काय

होस्ट तुमच्या हातात असेल तर माझं मत स्पष्ट आहे, एनएमआयच्या आधी होस्टवरून मेमरी उचला. विर्श डम्प ला मेमरी-ओन्ली हा ऑप्शन द्या, गेस्टच्या सहकार्याची गरजच नाही, केडम्प असो नसो. तेवढा वेळ गेस्ट थांबतो, पण तो तसाही मेलेलाच आहे. डोमेनच्या, म्हणजे व्हीएमच्या, एक्सएमएल कॉन्फिगमध्ये फीचर्सखाली व्हीएमकोअरइन्फो स्टेट ऑन केलेलं असेल तर कर्नल रँडम जागी लोड झालेलं असूनही क्रॅश या डम्प वाचायच्या टूलला ती फाइल नीट उघडता येते. हे डोमेन परत चालू केल्याशिवाय लागू होत नाही, म्हणजे हेही आधीच करून ठेवायच्या यादीत.

मग एनएमआय. मग थांबा. डम्प लिहायला मेमरीच्या मानाने वेळ लागतो, ६४ जीबीच्या गेस्टला बऱ्यापैकी लागतो, आणि या वेळात वरून फोन येत असतात की अजून चालू का नाही झालं, घाबरून डिस्ट्रॉय मारायचा नाही.

गेस्टला वॉचडॉग डिव्हाइस दिलं असेल आणि त्याची ॲक्शन रीसेट असेल तर एक वेगळीच गंमत होते, मुख्य कर्नल मेलेलं, वॉचडॉगला थोपटणारं (ठरावीक वेळाने 'मी जिवंत आहे' सांगणारं) कोणी नाही, घड्याळ मात्र चालूच, आणि डम्प अर्ध्यावर असताना मशीन रीसेट. केडम्पच्या इनिट-रॅमएफएसमध्ये वॉचडॉगचा ड्रायव्हर येतोय ना हे तालमीच्या वेळीच बघून घ्या.

डम्प मिळाला की त्याच कर्नलचं डीबगइन्फो पॅकेज घेऊन क्रॅश टूलमध्ये उघडा, आधी लॉग, मग बीटी डॅश ए. बीटी डॅश ए प्रत्येक सीपीयूचा स्टॅक दाखवतं. सीपीयू ० वर एनएमआय आणि पॅनिकचे फंक्शन दिसतील, तो गुन्हेगार असेलच असं नाही, तो फक्त निरोप्या असू शकतो, नवखे लोक तिथेच अडकून बसतात. बाकीच्यांमध्ये स्पिनलॉकच्या फंक्शनमध्ये उभा असलेला शोधा, मग तो लॉक कोणाकडे आहे ते. आमची ती व्हीएम तीन आठवड्यांनी परत अडकली तेव्हा सीपीयू ३ बाहेरून आणलेल्या एका बॅकअप ड्रायव्हरच्या आत उभा होता, स्वतःच घेतलेला लॉक परत मागत.

मारला पण काहीच नाही झालं

आधी होस्टवर बघा की तो खरंच टोचला गेला का. डीबगएफएसमध्ये केव्हीएम डिरेक्टरीत व्हीएमगणिक आकडे असतात, त्यात एनएमआय_इंजेक्शन्स नावाचा एक आहे. कमांडच्या आधी आणि नंतर वाचा. आकडा वाढला म्हणजे गेस्टपर्यंत पोचला, आता दोष गेस्टच्या सेटिंगचा. (गेस्टमध्ये परफ किंवा एनएमआय वॉचडॉग चालू असेल तर हा आकडा आपोआपही वाढत असतो, तेवढं ध्यानात ठेवून वाचा.)

आकडा हललाच नाही तर दोन शक्यता. एक, लिंट१ मास्क आहे, म्हणजे बहुधा ते वरचं नन. दोन, व्हीसीपीयू थ्रेडच चालत नाहीये. विर्श डोमस्टेट ला रीझन ऑप्शन देऊन बघा. मी स्वतः एकदा अर्धा तास एनएमआय मारत बसलो होतो आणि व्हीएम आयओ एररमुळे पॉज झालेली होती, होस्टची डिस्क भरली होती, बस. रनिंग दिसत असेल तर टॉप डॅश कॅपिटल एच मध्ये 'सीपीयू ० केव्हीएम' अशा नावाचे थ्रेड शोधा, ते डी स्टेटमध्ये (आयओची वाट बघत अडकलेले) असतील तर आजार होस्टच्या स्टोरेजचा आहे, गेस्टच्या पोटात बोट घालून काही मिळणार नाही.

माणसाशिवाय व्हावं असं वाटत असेल

लिनक्समध्ये एनएमआय वॉचडॉग असतो, परफच्या सायकल काउंटरवर चालणारा, डीफॉल्ट १० सेकंद सीपीयूने टायमर इंटरप्ट घेतला नाही की हार्ड लॉकअप म्हणून ओरडणारा. पण केव्हीएम गेस्टमध्ये कर्नल तो मुद्दाम डीफॉल्ट बंद ठेवतं, कारण होस्ट ओव्हरकमिट असेल, व्हीसीपीयूला वेळच मिळत नसेल, तर गेस्टला उगाच वाटतं की आपण अडकलो. चालू करायचा असेल तर कर्नल.एनएमआय_वॉचडॉग = १, आणि पॅनिक हवं असेल तर कर्नल.हार्डलॉकअप_पॅनिक = १, अट एवढीच की गेस्टला व्हीपीएमयू हवं, एक्सएमएलच्या फीचर्समध्ये पीएमयू स्टेट ऑन. नसेल तर डीमेसेजमध्ये 'परफ एनएमआय वॉचडॉग परमनंटली डिसेबल्ड' अशी ओळ दिसते. गर्दीच्या होस्टवर मी हे चालू करत नाही.

मला त्यापेक्षा दुसरा मार्ग आवडतो, आय६३००ईएसबी हे वॉचडॉग डिव्हाइस द्या आणि त्याची ॲक्शन इंजेक्ट-एनएमआय ठेवा. लिबव्हर्टमध्ये (विर्शच्या मागची लायब्ररी) हे १.२.१७ पासून आहे. गेस्टमध्ये सिस्टिमडीच्या सिस्टिम डॉट कॉन्फमध्ये रनटाइमवॉचडॉगसेक द्या, ६० वगैरे, फार कमी नको. सिस्टिमडी थोपटायचं थांबलं की क्यूईएमयू एनएमआय पाठवतं, गेस्ट पॅनिक होतं, केडम्प लिहितो, रीबूट होतं, आणि तुम्ही झोपलेले असता.

विंडोज आणि बाकीचे

विंडोज गेस्टला विंडोज ८ आणि सर्व्हर २०१२ पासून काही सेटिंग लागत नाही, एनएमआय आला की निळा स्क्रीन, बगचेक हेक्समधला ८०, एनएमआय हार्डवेअर फेल्युअर. त्याआधीच्या विंडोजवर रजिस्ट्रीत क्रॅशकंट्रोलखाली एनएमआयक्रॅशडम्प १ करायला लागायचं. पेजफाइल पुरेशी मोठी नसेल तर मेमरी डॉट डीएमपी पडत नाही, ते मात्र अजूनही तसंच. आणि 'हार्डवेअर फेल्युअर' वाचून कोणी हार्डवेअर वेंडरला तिकीट टाकत नाही ना ते बघा, तो एनएमआय तुम्हीच दिलाय.

हायपर-व्ही वर पॉवरशेलमधून डीबग-व्हीएम ला इंजेक्टनॉनमास्केबलइंटरप्ट द्यायचं. ईएसएक्सआयवर व्हीएमडम्पर डॅश एल ने वर्ल्ड आयडी काढायचा, मग व्हीएमडम्पर, आयडी, एनएमआय. झेन हायपरव्हायजरवर (एएमडीच्या झेन चिपशी संबंध नाही) एक्सएल ट्रिगर, डोमेन, एनएमआय. व्हर्च्युअलबॉक्सवर व्हीबॉक्समॅनेज डीबगव्हीएम आणि इंजेक्टएनएमआय, लॅपटॉपवर सराव करायला हे झकास. अझूरमध्ये सीरियल कन्सोलच्या मेनूतच एनएमआय पाठवायचं बटण आहे. एडब्ल्यूएसवर २०१९ पासून सेंड-डायग्नोस्टिक-इंटरप्ट ही कमांड आहे, नायट्रोवरच्या इन्स्टन्ससाठी. तिथे होस्ट तुमच्या हातात नाही, मेमरी-ओन्ली डम्पची पळवाट नाही, म्हणजे केडम्प आणि ते एक सिसकंट्रोल इमेज बनवतानाच आत टाकून ठेवा.

एआरएम गेस्टला मात्र यातलं काहीच जसंच्या तसं लावू नका. तिथे एक्स८६ सारखा एनएमआय मुळात नव्हता, लिनक्स जीआयसीव्ही३ या एआरएमच्या इंटरप्ट कंट्रोलरची प्रायॉरिटी वापरून त्याचं सोंग आणतं, तेही कमांडलाइनला आयआरक्यूचिप.जीआयसीव्ही३_स्यूडो_एनएमआय=१ दिलं तरच. आयबीएमच्या पॉवर प्रोसेसरवर हीच विर्श कमांड सिस्टिम रीसेट इंटरप्ट देते आणि एस३९० मेनफ्रेमवर रीस्टार्ट, कमांड तीच पण आत घडतं वेगळंच, तिथेही तालीम वेगळी घ्यायला लागेल.